मेथीच्या वाफ्यापासून भोगीच्या ताटापर्यंत : बालवाडीसाठी शेतीचा चार आठवड्यांचा उपक्रम

बालवाडीत ‘शेत’ हा विषय आला की पहिल्यांदा भिंतीवर एक तक्ता लागतो. त्यावर लाल रंगाचे उतरत्या छपराचे कोठार, पिवळा ट्रॅक्टर, गुलाबी डुक्कर आणि काळे-पांढरे ठिपके असलेली गाय असते. मुले बोट ठेवून नावे म्हणतात आणि आठवडाभरात विषय संपतो. पुण्यातल्या आमच्या बालवाडीतही अनेक वर्षे असेच चालत असे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजी-आजोबा शिरूर, इंदापूर, जुन्नर किंवा भोरकडे राहतात. तिथला पत्र्याचा गोठा, बांधावरची बाभूळ आणि विहिरीवरची मोटार त्यांनी सुट्टीत पाहिलेली असते. पण तक्त्यावरचे शेत आणि आजीचे शेत एकच आहे, हे त्या तक्त्याकडे पाहून त्यांच्या लक्षात येण्याची शक्यता फार थोडी. म्हणून गेली काही वर्षे आम्ही तक्ता बाजूला ठेवला आहे. एकच पीक घ्यायचे, ते पेरणीपासून ताटापर्यंत मुलांच्या हातून जाऊ द्यायचे आणि बाकीचे सगळे उपक्रम त्याच्या भोवती गुंफायचे, असे आम्ही ठरवले. पुढील मांडणी ३ ते ६ वर्षांच्या सुमारे २० मुलांच्या वर्गासाठी आहे. घरी दोन-तीन मुलांबरोबरही ती सहज करता येते.

पीक कोणते आणि केव्हा

आम्ही मेथी निवडतो. ती लवकर उगवते, थंडीत चांगली येते, तिला फारशी जागा लागत नाही, आणि साधारण महिन्याभरात ती भाजीच्या उंचीची होते. ४ वर्षांच्या मुलाची वाट पाहण्याची ताकद तेवढीच असते. टोमॅटोला अडीच-तीन महिने लागतात आणि तोवर मुले त्याला विसरून जातात. मूग-मटकीला मोड आणणे सोपे असले तरी ते दोन दिवसांत संपते आणि त्यात मातीचा संबंधच येत नाही.

पेरणीसाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा धरावा. तिथून चार आठवडे मोजले की आपण बरोबर भोगीपाशी येतो, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा अशी त्या हंगामाची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी होते. उपक्रमाचा शेवट निराळा शोधावा लागत नाही. तो पंचांगातच असतो. मध्ये नाताळची सुट्टी येते, तेव्हा त्या दिवसांत पाणी कोण घालणार हे पेरणीपूर्वीच ठरवून ठेवावे. आमच्याकडे इमारतीचे रखवालदार काका हे काम मोठ्या आनंदाने करतात.

वाफा तयार करणे

आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या सर्वांत उत्तम. पाच मुलांना एक पेटी, म्हणजे २० मुलांना चार पेट्या लागतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्र कप किंवा कुंडी देण्याच्या मी विरोधात आहे. एकाचे रोप उगवते, शेजारच्याचे उगवत नाही, आणि मग शेतीऐवजी रडू आवरण्यात आठवडा जातो. पेटीत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्याला तळाशी दहा-बारा भोके पाडावीत. त्यावर साधारण १५ सेंटीमीटर उंचीपर्यंत दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे. माती चाळणे, ढेकळे फोडणे आणि खडे वेचणे ही कामे मुलांचीच आहेत, ती मोठ्यांनी आधी उरकून ठेवू नयेत. ढेकूळ हातात दाबून फुटले की मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते कोणत्याही खेळण्याने येत नाही. ज्या मुलांना माती हाताला लागलेली चालत नाही, त्यांच्या हाती पहिल्या दिवशी चमचा द्यावा. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन चमचा ठेवून देतात.

बी वाण्याच्या दुकानातील साधे मेथीदाणे घ्यावे. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या बियाण्याला अनेकदा औषध चोळलेले असते, त्याचा गुलाबी किंवा निळसर रंग बोटांना लागतो. ते बी लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. वाण्याकडचे बी जुने असू शकते, म्हणून पेरणीच्या चार दिवस आधी २० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. त्यांतल्या १४-१५ दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दुकानातून आणावे. ही चाचणी मुलांसमोरच करावी, कारण पहिली मोजणी इथेच होते.

पेरणी आणि पाणी

आदल्या रात्री भिजवलेले दाणे सकाळी मुलांच्या तळहातावर द्यावे आणि थोडा वेळ काहीही न सांगता थांबावे. ‘बुळबुळीत आहे’, ‘भाजीसारखा वास येतो’, ‘आजी लाडूत घालते’ अशी वाक्ये आपोआप येतात. त्यानंतर पेटीत बोटाने सरळ रेघा ओढाव्यात. रेघेची खोली मोठ्या माणसाच्या नखाएवढी, दोन रेघांमधले अंतर मुलाच्या चार बोटांएवढे. शेतात हेच काम पाभर, म्हणजे बी पेरण्याचे अवजार, करते, हे इथे सांगावे आणि जमल्यास पाभरीचे छायाचित्र दाखवावे. ‘पाभर’ हा शब्द मुलांना विलक्षण आवडतो. दाणे चिमटीने सोडावेत, वर माती सरकवून हाताने हलकेच दाबावे आणि अंकुर दिसेपर्यंत पेटीवर ओले गोणपाट टाकून ठेवावे. पुण्याच्या डिसेंबरात रात्री बऱ्याच गार असतात, त्यामुळे उगवायला चार ते सहा दिवस लागू शकतात. अंकुर दिसताच गोणपाट काढून पेटी दिवसाला चार-पाच तास ऊन मिळेल अशा गच्चीत किंवा सज्जात ठेवावी.

आता पाण्याविषयी, कारण आमचे पहिले पीक पाण्यानेच गेले. त्या वर्षी वर्गात २२ मुले होती आणि प्रत्येकाला रोज पाणी घालायचे होते. आम्ही कौतुकाने घालू दिले. तिसऱ्या दिवशी पेटीत चिखल झाला, पाचव्या दिवशी कुबट वास येऊ लागला, आणि उकरून पाहिले तेव्हा दाणे काळे पडून कुजलेले निघाले. तेव्हापासून आमच्याकडे पाटकऱ्याची पाळी असते. कालव्याचे पाणी शेताशेताला सोडणारा तो पाटकरी. त्याच्या नावाची पुठ्ठ्याची चकती रोज दोन मुलांच्या गळ्यात असते आणि पाण्याच्या बाटलीला तेच दोघे हात लावतात. बाटलीच्या झाकणाला सुईने आठ-दहा भोके पाडलेली असतात. पाणी घालण्यापूर्वी पाटकऱ्याने मातीत बोट घालून पाहायचे: माती बोटाला चिकटली तर आज पाणी नाही, कोरडी सुटली तर पाणी. हा नियम साडेतीन वर्षांचे मूलही पाळते. एवढेच नव्हे, तर मोठ्यांना दरडावून पाळायलाही लावते.

रोपांची वाढ मोजण्यासाठी पट्टी वापरू नये. दर सोमवारी आणि गुरुवारी एका ठरावीक रोपाशेजारी लोकरीचा धागा धरावा, रोपाच्या उंचीएवढा कापावा आणि मोठ्या कागदावर तारखेसह उभा चिकटवावा. दोन आठवड्यांत धाग्यांचा जिना तयार होतो. ‘कोणत्या दिवसात मेथी जास्त वाढली?’ हा प्रश्न त्या जिन्याकडे पाहून मुले स्वतः सोडवतात.

धान्याचे टेबल आणि एक सावधगिरी

पेरणी आणि अंकुर यांमधले दिवस रिकामे जाऊ नयेत, म्हणून पहिल्या आठवड्यात धान्य घ्यावे. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि हरभरा एकत्र मिसळून निवडायला देणे हा उपक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. पण त्यातला धोका लिहिलाच पाहिजे. आमच्याकडे एका मुलाने वाळलेला वाटाणा नाकात घातला, तो ओलाव्याने फुगला आणि डॉक्टरांकडे जाऊन काढून घ्यावा लागला. म्हणून ४ वर्षांखालील मुलांना सुटे दाणे देऊ नयेत. त्यांना अखंड कणसे, लसणाचे गड्डे, कांदे, न फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगा द्याव्यात, आणि त्या शेंगा त्यांनी फोडू नयेत यावर लक्ष ठेवावे. मोठ्या मुलांच्या प्रत्येक टेबलाशी एक मोठे माणूस बसलेले असावे. दाणा नाकात किंवा कानात गेलाच तर बोटाने, पिनेने, चिमट्याने काढायला जाऊ नये, थेट डॉक्टरांकडे न्यावे. टेबलावर एरंड, गुंज किंवा ओळख न पटणारे कोणतेही बी येता कामा नये. ही दोन्ही बिया विषारी आहेत आणि गुंज तर दिसायला इतकी सुंदर की मूल ती उचलणारच.

धान्यापेक्षा मापे अधिक रंगतात. जुन्या घरांत, किंवा पितळी भांड्यांच्या दुकानांत, अजूनही मापटे, शेर आणि पायली मिळतात. दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. मुलांना हे आकडे सांगायचे नाहीत. ज्वारीची परात आणि मापे समोर ठेवून ‘हे भरायला ते किती वेळा ओतावे लागेल?’ एवढेच विचारायचे. दुप्पट आणि निम्मे या कल्पना हातातून डोक्यात जातात. माप काठोकाठ भरले की वरून हात फिरवून सपाट करण्याची रीत एखाद्या आजीने वर्गात येऊन दाखवली, तर ती दिवसभर सगळ्यांच्या हातात खेळते.

भाताची लोंबी

सगळ्या उपक्रमांत माझा सर्वांत आवडता हा आहे. मुळशी, मावळ आणि भोरकडे भाताची कापणी दिवाळीच्या आसपास होते, त्यामुळे डिसेंबरात ओळखीच्या कोणाकडून तरी एक पेंढी मिळते. ४ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला एक लोंबी द्यावी. आधी दाणे ओरबाडून वाटीत काढायचे: ही मळणी. मग ते छोट्या सुपलीत घालून पाखडायचे. बुरूड आळीत मुलांच्या हाताला बेताच्या सुपल्या मिळतात. पाखडणे मुलांना पहिल्या दिवशी जमत नाही, दाणे उडतात, पोचट मात्र सुपातच राहतात, आणि ते तसेच होऊ द्यावे. हे काम उघड्यावर करावे आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना धुळीपासून दूर बसवावे.

त्यानंतर पाच-सहा दाणे खलबत्त्यात टाकून अगदी हलक्या हाताने दाबत फिरवायचे. साळ फुटते आणि आतून तांदूळ निघतो. मागच्या वर्षी एका मुलीने तो दाणा बोटावर ठेवला, माझ्या नाकापर्यंत आणला आणि म्हणाली, “ताई, हा तर आमच्या डब्यातला भात आहे!” तिच्या डब्यात खरोखरच इंद्रायणीचा भात होता आणि ती लोंबीही इंद्रायणीचीच होती. तोवर तांदूळ हा दुकानातल्या पिशवीतच तयार होतो, अशी तिची समजूत असावी. आंबेमोहोराची लोंबी मिळाली तर दोन्ही जातींचा थोडा थोडा भात शिजवून वास घेऊन ओळखण्याचा खेळ करावा. वास शब्दांत सांगणे मोठ्यांनाही जड जाते, मुले मात्र बिनदिक्कत सांगतात.

गोठा

दुसऱ्या आठवड्यात मेथीला अंकुराच्या पहिल्या दोन पानांनंतरची खरी पाने फुटलेली असतात आणि वर्गाच्या कोपऱ्यात गोठा बांधता येतो. मोठ्या खोक्याची गव्हाण, सुतळीचे दावे, थोडा कडबा, पेंडीचा एक तुकडा, गळ्यातली घंटा आणि एक चरवी एवढे पुरे. इथे भाषेची मोठी कमाई आहे आणि ती आपण फुकट घालवतो. ‘गाय काय म्हणते? हम्मा’ एवढ्यावर थांबू नये. गाय हंबरते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, कबुतर घुमते. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. गाय गोठ्यात, घोडा पागेत, कोंबडी खुराड्यात. हे शब्द तक्त्यावरून पाठ करून घेण्याऐवजी खेळात यावेत: डोळे मिटलेल्या मुलाच्या हाती घंटा, कडबा किंवा पीस द्यायचे आणि ‘कोणाचे?’ असे विचारायचे. किंवा अर्धा वर्ग आया आणि अर्धा वर्ग पिल्ले होऊन आवाजावरून एकमेकांना शोधायचे. करडू आणि कोकरू यांत पहिले दोन दिवस घोटाळा होतो, तो दुरुस्त करण्याची घाई नको.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्या वर्गात जवळच्या बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांची काही मुले येतात. एरवी ती गप्प असतात. गोठा बांधला त्या दिवशी त्यांपैकी एकाने, दावे असे बांधले तर गाय सोडवून घेईल, असे मला सांगितले आणि गाठ स्वतः मारून दाखवली. त्या दिवसापासून गोठ्याचा कारभारी तोच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा शिक्षण गुरांच्या मागे कुरणात गेले होते. शहरात आपल्याला उलट वाट धरावी लागते, आणि त्या वाटेवर असे मूल वर्गात असेल तर शिक्षिकेने थोडा वेळ विद्यार्थी व्हावे.

दुधाकडे वळताना, पाण्याने भरलेला रबरी हातमोजा टांगून बोटांच्या टोकांना बारीक भोके पाडावीत आणि मुलांना धार काढू द्यावी. खेळ संपताच मोजा उचलून ठेवावा, कारण त्याचे तुकडे तोंडात जाऊ शकतात. मग खरे दूध. सकाळी साईच्या कोमट दुधाला मुलांसमोर विरजण लावावे; थंडीत दही लागायला वेळ लागतो, म्हणून भांडे फडक्यात गुंडाळून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते दही झाकणाच्या रुंद तोंडाच्या बरणीत निम्मे भरून, थोडे गार पाणी घालून, गोलात बसलेल्या मुलांनी आळीपाळीने घुसळावे. दहा-पंधरा मिनिटे काहीच होत नाही आणि मुले कंटाळतात. मग बरणीचा आवाज बदलतो, आतले जड होते आणि काठाला पिवळट कण दिसू लागतात. तो आवाज बदललेला प्रथम कोणाला कळतो याकडे लक्ष ठेवा.

बाहेर जाणे

तिसऱ्या आठवड्यात एक भेट ठेवावी, एकच. मार्केट यार्ड या वयासाठी योग्य नाही. पहाटेचे ट्रक, हमालांची धावपळ आणि गर्दी यांत लहान मुले सांभाळणे अवघड आहे. त्यापेक्षा महात्मा फुले मंडई बरी, आणि तीही सकाळी दहाच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर. चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि प्रत्येक गटाकडे चित्रांची यादी व २० रुपये असावेत. मुळा किंवा मेथीची जुडी मुलांनी स्वतः मागायची, पैसे स्वतः द्यायचे. ‘ही कुठून आली?’ हा प्रश्नही त्यांनीच विचारायचा. मंचर, नारायणगाव, सासवड अशी उत्तरे आली की परतल्यावर ती नकाशावर शोधावीत.

गोठ्याला भेट द्यायची असल्यास धार काढण्याच्या वेळा टाळून मधल्या वेळेत जावे. जनावराच्या मागे उभे राहू नये, बाजूने आणि मालकाच्या परवानगीनेच हात लावावा, परतण्यापूर्वी सर्वांचे हात साबणाने नीट धुऊन घ्यावेत आणि न तापवलेले दूध कोणालाही चाखू देऊ नये. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाचे शेत शहराच्या मध्यभागी आहे. तिथे आधी परवानगी मागून बघावी.

काढणी

चौथ्या आठवड्यात मेथी वीतभर झालेली असते. उपटण्याच्या आदल्या दिवशी पेटी हलकीशी भिजवावी, म्हणजे मुळे अलगद येतात. मुळांवर लहान गाठी दिसल्या तर त्या जरूर दाखवाव्यात; त्या रोग नसून, त्यांतले सूक्ष्मजीव हवेतले नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. मुलांना ‘मुळांना लागलेले मणी’ एवढे पुरते. चार पेट्यांची मिळून एक-दोन जुड्याच होतील, तेव्हा पालकांना भाजी वाटण्याचे आश्वासन आधी देऊ नये. आम्ही एका वर्षी दिले आणि शेवटी मंडईतून मेथी आणावी लागली.

मेथी निवडणे हा बोटांचा इतका उत्तम व्यायाम आहे की पेन्सिल धरायला शिकवण्यापूर्वी तो महिनाभर चालावा असे मला वाटते. अंगठा आणि पहिले बोट यांनी पान खुडायचे, देठ वेगळा, पिवळे पान वेगळे. भोगीच्या भाजीत मेथी सगळ्यांकडे पडत नाही, त्यामुळे आम्ही ती चिरून बाजरीच्या पिठात मळतो. मुले तळहाताएवढ्या भाकऱ्या थापतात, वर तीळ दाबतात, आणि भाजण्याचे काम मावशी मुलांपासून दूर ठेवलेल्या शेगडीवर करतात. मिसळीची भाजी घरून आलेल्या डब्यांतून जमते. कडू लागते म्हणून मेथी बाजूला काढणारी मुलेही ‘आपली’ भाकरी निदान चाखून बघतात. सगळी संपवतातच असे नाही, आणि तसा आग्रहही धरू नये.

प्रत्येक पेटीतली दोन रोपे मात्र उपटू नयेत. त्यांना पाटकऱ्याची पाळी तशीच चालू ठेवावी. फेब्रुवारीत त्यांना पांढरट-पिवळी फुले येतात, पुढे बारीक, तलवारीसारख्या लांब शेंगा धरतात, आणि मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये त्या वाळून तपकिरी झाल्या की मोठ्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली फोडाव्यात. आत दाणे असतात, अगदी वाण्याच्या पुडीतल्यासारखे. ते बाटलीत भरून वर तारीख लिहावी आणि बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावी. पुढच्या डिसेंबरात ओल्या फडक्यात पहिले २० दाणे त्यातलेच मोजता येतील.